प्रज्ञाला निवडणूक हरायची होती

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी प्रज्ञाला कबूल केलं होतं. पण बोलायला लाजणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. इतरांचे बोलून संपतात, माझे वहीच्या शेवटच्या पानावर जमा होतात. ते भरलं की त्याच्या आधीच्या पानावर. आता ते मागून सरकत सरकत गणितापर्यंत आलेत, म्हणून लिहून टाकते.

आमच्या निगडीच्या शाळेत शेळके मॅडमनी नववीच्या वर्गात खोटी निवडणूक घेतली. दूरच्या एका मोठ्या देशात तेव्हा राष्ट्राध्यक्षाची खरी निवडणूक चालली होती. तिसऱ्याच एका देशातलं युद्ध मी थांबवणार, असं तिथले दोन्ही उमेदवार म्हणत होते. कसं थांबवणार, यावर मात्र त्यांचं पटत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "खरी नावं घ्यायची नाहीत. मागच्या वेळी डबे फेकलेत तुम्ही एकमेकांवर."

एक उमेदवार माझी मैत्रीण प्रज्ञा, दुसरी खुशबू. दोघींची भाषणं मी लिहिली. हे मॅडमना अजून माहीत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. प्रज्ञाचा दादा त्या युद्धाच्या देशात डॉक्टर व्हायला गेला होता. तिसऱ्या वर्षाला असताना परत यावं लागलं. तेव्हापासून तो तळवड्याच्या घरात, आतल्या खोलीत बसून मोबाइलवर शिकतो. युद्ध थांबलं की तो परत जाणार. प्रज्ञाला युद्ध थांबायला हवं होतं आणि दादा जायला नको होता. दोन्ही एकदम.

*

भाषणासाठी मी पप्पांना विचारलं. पप्पा महाळुंग्याच्या एका कंपनीत आहेत, युनियनच्या कमिटीवरही आहेत. पहिली शिफ्ट करून आले होते आणि खुर्चीत अर्धे झोपले होते.

"पप्पा, युद्ध कसं थांबवतात?"

डोळे न उघडता म्हणाले, "कुठल्या प्लांटचं?"

मी सगळं समजावून सांगितलं. मग ते सावकाश बोलायला लागले, झोपेत बोलतात तसं. "दोनच पद्धती आहेत बघ. एक, आधी गेट उघडायचं, मशिनी चालू करायच्या, मग टेबलावर बसायचं. दुसरी, आधी टेबलावर बसायचं. सही होईपर्यंत गेट बंद."

"त्यातली बरोबर कुठली?"

"तू गेटच्या कुठल्या बाजूला उभी आहेस त्यावर."

मग ते खरंच झोपले. मी दोन्ही पद्धती वाटून टाकल्या. प्रज्ञाचा उमेदवार म्हणणार, आधी गोळीबार थांबवा, सैन्य आहे तिथे राहू दे, बोलणी नंतर. खुशबूचा म्हणणार, आधी कुणाची जमीन कुणाला ते ठरवा. तोपर्यंत ज्याच्यावर हल्ला झालाय त्याला मदत देत राहू.

*

खुशबूच्या घरी हिंदी बोलतात. मराठी ती छान वाचते, पण काही शब्द तिच्यापाशी पोचेपर्यंत बदलतात. मी तिला लिहून दिलं होतं, "माझ्या विरोधकांना उद्याच युद्धबंदी हवी आहे. एवढी घाई कशासाठी?"

तालीम प्रज्ञाच्या घरी चालली होती. खुशबूने वाक्य वाचलं आणि कागद खाली केला.

"एक बात बता. इनको युद्धबंदी चाहिए, तर देऊन टाक ना. इतनी बड़ी कुर्सी पे बैठना है और एक कैदी नहीं छोड़ सकते?"

तिच्या हिंदीत युद्धबंदी म्हणजे लढाईत पकडलेला कैदी. गेले चार दिवस ती एका माणसाबद्दल बोलत होती. तिने त्याचं वयही ठरवलं होतं. त्याला जेवायला काय देतात, हेही तिला मला विचारायचं होतं.

प्रज्ञा आतल्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाली, "आमच्याकडच्याला वरणभात देतात."

*

त्या खोलीत मी प्रज्ञासोबत एकदाच बसले. दादाचा तास चालू होता. तिथे सकाळ होती, इथे दुपार. सरांच्या मागे खिडकी होती आणि खिडकीत बर्फ पडत होता. आवाज न करता काही पडताना मी तेव्हाच पाहिलं. आमच्याकडे वरून पडतं त्या सगळ्याला आवाज असतो.

शेजारच्या वर्कशॉपचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. दादाचा माईक चालू राहिला होता. सर बोलता बोलता थांबले, फाइल उचलली आणि पडद्यावरून निघून गेले. मागे खुर्ची राहिली.

"कुठे गेले?" मी विचारलं.

"तळघरात. तिकडे भोंगा म्हणजे हल्ला," दादा म्हणाला. त्याने घाईघाईने टाइप केलं, "सर, तो आमच्याकडचा भोंगा. जेवणाचा आहे."

वाचायला तिकडे कुणी नव्हतं. पंचवीस मिनिटं आम्ही तिघं त्या रिकाम्या खुर्चीमागचा बर्फ बघत बसलो. मग सर आले, चष्मा पुसला, मेसेज वाचला आणि विचारलं, "मग, जेवलात का?"

*

भाषणाच्या वेळी उलटतपासणी होती. प्रश्नही मीच लिहिले होते. प्रज्ञासाठी, "सैन्य आहे तिथेच राहिलं, तर ज्यांची घरं पलीकडे गेली त्यांनी काय करायचं?" खुशबूसाठी, "तुमचं सगळं ठरेपर्यंत जे मरतील त्यांचं काय?"

उत्तरं मला सुचली नव्हती. दोघींच्या कागदावर मी एक एक ओळ कोरी सोडली होती, सकाळपर्यंत सुचेल म्हणून.

सकाळपर्यंत सुचलं नाही. दोघीही त्या ओळीशी येऊन गप्प राहिल्या. मॅडमनी दोघींच्या नावापुढे लिहिलं, "परिणामकारक विराम. पाचपैकी पाच."

*

आता जे सांगायचं नव्हतं ते.

आदल्या दिवशी बस स्टॉपवर प्रज्ञा मला म्हणाली, "माझ्या भाषणात असं काहीतरी घाल की मी हरेन."

"का?"

"मी जिंकले की युद्ध लगेच थांबणार. तूच लिहिलंयस ना तसं."

"अगं, खोटी निवडणूक आहे."

"माहितीये मला," ती म्हणाली. "पण फार मतांनी नको हरवू. दादाने भाषणातले उच्चार शिकवलेत."

मी शेवटी एक कच्चं वाक्य घातलं, "हे कसं जमेल, ते मला नीट माहीत नाही." कुठला उमेदवार असं बोलतो? वर्गाने ते ऐकलं आणि एकदम टाळ्या वाजवल्या. प्रज्ञा अकरा मतांनी निवडून आली. ती इतकी रडवेली झाली की मॅडमना ते आनंदाश्रू वाटले.

*

पुढे खरी निवडणूकही झाली. बोलणी सुरू झाल्याची बातमी आली आणि कॉलेजचा मेल आला, नव्या सत्राला हजर व्हा.

रविवारी मी गेले तेव्हा प्रज्ञाच्या आईने दादाचा जाड कोट उन्हात टाकायला तिला गच्चीवर पाठवलं होतं. बराच वेळ झाला तरी ती खाली येईना, म्हणून मी वर गेले. कोट दोरीवर नव्हता. प्रज्ञाने तो अंगात घातला होता. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या. त्या उन्हात ती घामाने निथळत होती आणि तळवड्याच्या शेडच्या पत्र्यांकडे बघत होती. पत्रे बर्फासारखे पांढरे दिसत होते.

"काढ ना," मी म्हणाले.

"नाही निघत."

मागून दादा आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. रागावेल असं मला वाटलं. तो पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला आणि अगदी कामाचं बोलावं तसं म्हणाला, "बरं. मग तूच जा. पहिला तास साडेआठला असतो. शेवटच्या बाकावर बसू नकोस, हीटर पुढे आहे."

त्या लांब बाहीनेच प्रज्ञाने तोंड पुसलं, त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "दादा, तिकडे भोंगा झाला की तू…" आले गं आई, ऐकू आलं मला, लिहायचं एवढं एकच वाक्य राहिलंय, तर ती म्हणाली, भोंगा झाला की तू आधी तळघरात जा, जेवण नंतर.