दादाने न सांगितलेल्या दोन ओळी

फर्निचरच्या कारखान्यात, ड्रॉइंगच्या खोलीत तिला चिकटवलं ते मावसभावानेच. आपल्या शेजारची खुर्चीही त्यानेच मिळवून दिली. त्यामुळे कामात काही अडलं की तिच्या तोंडी पहिला शब्द 'दादा'.

कपाटांची ढीगभर ड्रॉइंग एकेक उघडायची, बिजागरीचं माप बदलायचं, पुन्हा सेव्ह करायचं, या कामाने सगळ्यांचे डोळे पांढरे व्हायचे. तिने ठरवलं, ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला बाहेरून हाकणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायची. माप बदलेपर्यंत गाडी सुरळीत आली आणि सेव्हपाशी रुतली. सॉफ्टवेअरच्या लेखी कपाटाचं प्रत्येक ड्रॉइंग म्हणजे एक 'पार्ट', आणि पार्ट म्हणजे 'डॉक्युमेंट'चाच एक प्रकार. सेव्हची मेथड, म्हणजे सेव्ह करायची आज्ञा, त्याला डॉक्युमेंटकडून वारशाने आलेली; माहितीपुस्तिकेत तसं छापलेलंही होतं. पण स्क्रिप्टमधून बोलावली की उत्तर एकच: अशी मेथड नाही.

दादाने स्क्रिप्ट बघायला मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मान हलवली. "वारशाच्या मेथड बाहेरून मिळतच नाहीत गं. नाद सोड."

तिने सोडला. साहेबांनी विचारलं तेव्हा, जमणार नाही, असं स्वतःच्या तोंडाने सांगूनही आली.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं. पुढे दादा उभा. ड्रॉइंग आपोआप उघडत होती, बदलत होती, सेव्ह होऊन मिटत होती. तिने कोड पाहिला. सगळा तिचाच, बिजागरीचं तिने घाईत चुकीचं टाइप केलेलं नावसुद्धा तसंच. नव्या फक्त दोन ओळी: तोच पार्ट डॉक्युमेंट प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये घ्यायचा, म्हणजे त्याला डॉक्युमेंट म्हणूनच हाक मारायची, आणि सेव्ह त्याच्यावर चालवायचं. बस्स, एवढंच. साहेबांनी दादाची पाठ थोपटली, या कामासाठी काढलेला नवा विभाग त्याच्या हाती दिला. टाळ्या तिनेही वाजवल्या. हात आपसूक हलले.

जिन्यात तिने त्याला गाठलं. "तुला तेव्हाच माहीत होतं?"

"होतं," तो म्हणाला. "तुझं नाव झालं असतं, तर मला कोण विचारणार होतं इथे?"

आई म्हणाली, नोकरी त्यानेच लावली ना, मग गप्प बस. हे तिला जास्त लागलं. तरी तिने साहेबांपुढे आपला जुना कोड ठेवला. घरचं भांडण घरीच मिटवा, असं सांगून त्यांनी तो परत सरकवला.

तिने खुर्ची खिडकीकडे हलवून घेतली आणि काही महिन्यांत दुसरीकडे काम धरलं. मावशीचा फोन आला की अजूनही ती भरभरून बोलते. मावशी दादाला फोन देते म्हणाली, की तिला काहीतरी काम आठवतं.