कंसातलं गाव

वर्धा जिल्ह्यात राहायचं तर कंस वाचता आला पाहिजे. आमच्याकडे सिंदी (मेघे) आहे आणि सिंदी (रेल्वे) आहे, वायगाव (निपाणी) आहे आणि वायगाव (हळद्या) आहे. एकाच नावाची दोन गावं निघाली की सरकारने पुढे कंस टाकून भांडण मिटवलेलं. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघते. लिफाफ्यांवर हे कंस लिहिण्यात माझी निम्मी नोकरी गेली. कंस चुकला की पत्र भलत्याच तालुक्यात जातं आणि मला साहेबांपुढे उभं राहावं लागतं. माझा नवरा गणिताचा मास्तर. 'कंचेभागुबेव' हे तो वर्गात पोरांकडून इतक्यांदा म्हणवून घेतो की झोपेतही पुटपुटतो, आधी कंस सोडवा, मग बाकीचं. तर असं हे कंसाच्या बाबतीत तयारीचं घर. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल.

आमच्या ह्यांना सरळ कुठे जाता येत नाही. लग्न झालं तेव्हा वाटलं, नवीन आहे, हौस आहे, ओसरेल. ओसरली नाही, मलाही लागली. नाचणगावला एका ओळखीच्यांकडून वाळलेली मिरची आणायची होती. मिरची घेतली, आणि शेजारच्या पुलगावच्या स्टेशनवर चहा चांगला मिळतो म्हणून गेलो, तर फलाटावर गाडी उभी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्कूटर स्टेशनबाहेर, मिरचीची पोतडी मांडीवर, आणि आम्ही बडनेऱ्यावरून अमरावतीत. तिथे काय केलं म्हणाल तर दोन रुमाल घेतले, उसाचा रस प्यायलो आणि परत आलो. डब्यातले लोक सारखे शिंकत होते, कारण पोतडीला भोक होतं.

एकदा नागपूरला माझा चष्मा करायला गेलो. चष्म्याचं दुकान बंद. मग सीताबर्डीवर नुसते भटकलो, तर्री-पोहे खाल्ले, आणि पाय दुखायला लागले तेव्हा ह्यांना वाटलं, परत कशाला जायचं. लॉजच्या मॅनेजरने आमच्या पिकल्या केसांकडे आणि हातातल्या एका पिशवीकडे आळीपाळीने बघत सामान विचारलं. ह्यांनी पिशवी वर करून दाखवली. तिच्यात दोन दातांचे ब्रश, एक टॉवेल आणि पाव किलो संत्रा बर्फी होती. मॅनेजरने आधार कार्डं दोनदा तपासली. खोलीत शिरल्यावर आम्ही पलंगावर बसून हसत सुटलो. मला तेव्हा फार सुखी वाटलं होतं, आणि ते मी ह्यांना सांगूनही टाकलं.

पण ह्या हौसेपायी माझी बहीण दुरावली. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, हिंगणघाटला दिलेली. भाऊजींचं हार्डवेअरचं दुकान. माणूस सरळ. दुकान ते घर, घर ते दुकान. तीन वर्षांपूर्वी ताईच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. आम्ही नालवाडीहून, म्हणजे वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या घरून, वेळेत निघालो, आणि वायगाव निपाणी लागलं तसे हे म्हणाले, निपाणी नेहमीचंच, हळद्या कधी पाहिलं नाही, लगेच जाऊन येऊ. गेलो. हळद काढणी चालू होती. एका बाईने ओली हळद मोडून हातावर ठेवली, तिचा वास घेत आम्ही बांधावर बसलो. हिंगणघाटला पोचलो तेव्हा साक्षगंध आटोपून पंगती उठत होत्या. मी ताईला सांगितलं, गाडी पंक्चर झाली. तिने माझे हात बघितले. दहाही बोटं पिवळीधमक.

"पंक्चर काढाले हळद लागते का?" एवढंच ती बोलली. त्यानंतर तीन वर्षं फोनवर 'हो', 'नाही' आणि दिवाळीला हात जोडल्याचं चित्र. मी फोन केला की स्वयंपाक चालू असायचा. एकदा वाटलं, जाऊन पाय धरावे, पण मला माझाच राग येऊन मी गेले नाही. ताईशिवाय मला माहेर नाही. आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे हिंगणघाटचं ते दुकानामागचं घर, आणि ते मी हळदीपायी घालवलं होतं.

ह्या हिवाळ्यात तिचा फोन आला. मुलाचं जमलं होतं, साक्षगंध मुलीकडे, तळेगावला. होणाऱ्या सुनेची साडी फॉल-पिकोला आणि ब्लाउज शिवायला ती वर्ध्याला पाठवत होती, कारण वर्ध्याच्या त्या टेलरशिवाय तिला कुणाचं पटत नाही. मग म्हणाली, "साडी तुह्याजवळच राहू दे. तूच घेऊन येजो." मी फोन ठेवला आणि ह्यांना बजावलं, ह्या वेळी गाडी उजवीकडे वळली नाही पाहिजे, डावीकडे वळली नाही पाहिजे. साक्षगंधात मुलीला सासरची साडी नेसवून मगच पाटावर बसवतात. ती साडी माझ्या मांडीवर असणार होती. ताईने मुद्दामच दिली होती, हे मला कळत होतं. ही माझी परीक्षा होती.

त्या दिवशी हे अगदी शहाण्या पोरासारखे वागले. सकाळी दहाला निघालो. मुहूर्त साडेबाराचा. वाटेत एका शेताच्या कडेला हुरड्याची पाटी होती, ह्यांनी नुसती मान वळवली आणि पुन्हा समोर बघायला लागले. मला दया आली, पण मी बोलले नाही. अकराच्या आत तळेगाव. मी पदर नीट केला, साडीचा डबा उचलला. इतक्या लवकर मी आयुष्यात कुठल्या कार्याला पोचले नव्हते.

गावात मांडव दिसेना. एका ओट्यावर एक आजी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना विचारलं, साक्षगंध कुणाकडे आहे. त्यांनी आठवून पाहिलं, मग सुनेला हाक मारून विचारलं, मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "कोणतं तळेगाव पायजे होतं बाई तुमाले? हे टालाटुले हाय."

टालाटुले, म्हणजे ह्या तळेगावचा कंस. मी फोन काढला. ताईने पाठवलेलं कार्ड मी आठ दिवसांपूर्वी दोन बोटांनी मोठं करून पाहिलं होतं, ते आपल्या दोघांची नावं छापली आहेत का हे बघायला. नावं होती, तिसऱ्या ओळीत. त्या आनंदात मी खाली गेलेच नाही. खाली लिहिलं होतं, तळेगाव (श्या. पं.), ता. आष्टी. श्यामजी पंतांचं तळेगाव. जिल्ह्याचं दुसरं टोक. मधे वर्धा, आर्वी आणि ऐंशीच्या वर किलोमीटर. ताई हिंगणघाटची, म्हणून मुलगीही जवळच्याच तळेगावची असणार, असं मी मनानेच ठरवून टाकलं होतं. रोज कंस लिहिणारी बाई.

ह्यांना हसायचा पूर्ण हक्क होता. इतकी वर्षं मी त्यांना वळणावरून बोलत आले होते. ते हसले नाहीत. आजींकडून पाणी मागून प्यायले, मला प्यायला लावलं आणि गाडी वळवली. मी म्हटलं, "काही बोला तरी." ते म्हणाले, "काय बोलू? कंस सोडवून राह्यलो न." मग मात्र मी थोडी हसले आणि लगेच मला रडू आलं.

वर्धा मागे पडलं, आर्वीचा रस्ता लागला. आंजी (मोठी) आली, खरांगणा (मोरांगणा) आलं. प्रत्येक पाटीवरचा कंस मला वाकुल्या दाखवत होता. ताईला फोन करायला हवा होता आणि करवत नव्हता. खरी अडचण अशी होती की मागच्या वेळी खोटं बोलले ते निदान खरं वाटण्यासारखं होतं. पंक्चर कुणाचंही होतं. ह्या वेळचं खरं कारण कुणाला खरं वाटलं नसतं. वर्ध्यात जन्म काढलेली, गावांची नावं लिहून पगार घेणारी बाई चुकीच्या तळेगावला गेली, यावर सख्खी बहीण तरी कसा विश्वास ठेवणार. क्षणभर मनात आलं, टेलरने साडी उशिरा दिली म्हणावं. टेलर बिचारा काही बोलायला येणार नव्हता. डबा मांडीवर होता, त्यावर हात ठेवून मी फोन लावला.

"ताई, मी दुसऱ्या तळेगावले गेली होती. कार्ड नीट वाचलंच नाई. आता निघाली आहे, पण उशीर होईन."

पलीकडून सनई आणि भांड्यांचा आवाज येत राहिला. मग ताई म्हणाली, "गाडी हळू चालवाले सांग," आणि फोन बंद झाला. ह्या वाक्याचे मी आर्वी येईपर्यंत वीस अर्थ लावले. त्यातले एकोणीस वाईट होते.

सव्वा वाजता आम्ही पोचलो. मुहूर्त केव्हाच टळला होता. मांडवाच्या दारात ताई उभी होती. तिने डबा घेतला, माझ्याकडे नीट पाहिलंही नाही, आणि आत गेली. मी खुर्चीवर बसले, तर मुलीच्या काकू पाणी घेऊन आल्या आणि आपणहून सांगायला लागल्या. साडेबाराला त्यांनी घरातली दुसरी एक नवीकोरी साडी पुढे केली होती. गुरुजी घाई करत होते, मुलीकडचे वडीलधारे नाराज झाले होते. तर ताई म्हणाली म्हणे, "माही बहीण साडी घेऊन येऊन राह्यली. तिच्याबिगर पोरगी पाटावर बसणार नाई." भाऊजींनी समजावलं, तरी ऐकलं नाही. हे ऐकून मी पाण्याचा पेला हातात तसाच धरून बसले.

मुलगी साडीत सुरेख दिसत होती, ब्लाउज कुठे म्हणून कुठे ओढत नव्हता. ओटी भरायला ताईने मला पुढे केलं. नारळ, गहू, साखर, सगळं मी नीट केलं. अंगठ्या झाल्या, पंगती झाल्या. मग ताई आपलं ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मी माफी मागायला लागले, मागच्या वेळचीही. तिने मठ्ठ्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

"तवा मले उशिराचा राग नव्हता," ती म्हणाली. "तुमी दोघं हसत हसत आले, त्याचा आला." ती जेवत राहिली. पुरीचा तुकडा मोडून तसाच ठेवून म्हणाली, "माह्या लग्नाले तीस वर्षं झाले. आमी एकदाबी रस्ता चुकलो नाई."

इतकी वर्षं मला वाटत होतं की आमचं उशिरा येणं तिला खुपलं. ती दारात उभी राहून दुसरंच काही बघत होती, आणि मी पिवळी बोटं लपवण्यात गुंतले होते. मला स्वतःची फार लाज वाटली. पण लाजेत बसून काही होणार नव्हतं. मी म्हटलं, ताई, इथून हायवेने अमरावती तासाभरावर आहे, तुम्ही दोघं आमच्या गाडीत चला. पाहुण्यांची बस घेऊन दीर जातील हिंगणघाटला. ती म्हणाली, वेडी आहेस का. ताट ठेवून हात धुवायला गेली. आणि परत माझ्याकडे न येता सरळ भाऊजींकडे गेली.

भाऊजी बसजवळ उभे राहून परत न्यायच्या भांड्यांची यादी तपासत होते. ताईने काहीतरी सांगितलं. त्यांनी यादीवरून डोकं न काढता विचारलं, "अमरावतीले? कायले?"

"कायलेच नाई," ताई म्हणाली. "चाला."

भाऊजींनी घड्याळ पाहिलं. बस पाहिली. मग ताईकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिले. यादी धाकट्या भावाच्या हातात दिली आणि आमच्या गाडीशी येऊन, मागे बसू का, असं पाहुण्यासारखं विचारलं. ताई खिडकीशी बसली. तिच्या पायाला अजून मांडवातला गुलाल लागलेला होता. आमची गाडी हायवेला लागली तसे भाऊजी पुढे वाकले आणि काळजीने म्हणाले, "रस्ता मालूम हाय न?"

"नाई," हे म्हणाले.

मागे ताई हसली, आणि भाऊजींनी सीटला धरलेला हात सोडला.