उताराचा देश

कन्याकुमारी कुठे आहे असं कोणी विचारलं, की मुखरू ढिवर हाताचा तळवा पालथा करून जमिनीकडे न्यायचा आणि म्हणायचा, “खाले.” वैनगंगेच्या काठी जन्मलेल्या माणसाला दुसरं उत्तर सुचायचं तरी कसं? वैनगंगा खाली जाते, वर्धा खाली जाते, इरई आणि अंधारीही त्यांच्या मागोमाग खालीच जातात. त्याच्या गावात दक्षिणेला दक्षिण कोणी म्हणतच नसे, खालचं अंग म्हणत. तेव्हा साऱ्या देशाला खालच्या अंगानं उतार आहे, ही गोष्ट मुखरूच्या लेखी सूर्य उगवण्याइतकी पक्की होती.

गाव चामोर्शीच्या बाजूचं. बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, आणि नदीत जाळं टाकायचं, हाती लागलेले मरळ-शिंगाळे टोपल्यात घालून टोपलं सायकलच्या कॅरिअरला करकचून बांधायचं आणि चामोर्शीचा बाजार गाठायचा, हा त्याचा धंदा. सायकल जंगल-ठेकेदाराच्या मुनीमाकडून जुनीच घेतलेली. ब्रेक नावाला होते. थांबायचं झालं की मुखरू टाच जमिनीला घासायचा, आणि तो थांबला तरी टोपल्यातले मासे पुढे घसरत राहायचे.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. एक पंजाबी तरुण, हँडलला झेंडा लावून, सायकलवर नदीघाटावर येऊन उभा राहिला. मुखरूनं त्याला सायकलसकट डोंग्यातून पार नेलं. “काश्मीर से कन्याकुमारी,” तो पोरगा म्हणाला आणि हसत हसत निघून गेला. त्याला काय, तो गेला. इकडे मुखरूच्या डोक्यात मात्र भुंगा सोडून गेला.

त्या दिवसापासून मासे कमी आणि रस्ता जास्त, असं सुरू झालं. सागवानाच्या ट्रकवाल्यांना विचार, बाजारातल्या तेलंगी व्यापाऱ्याला विचार, असं करत त्यानं बेत जमवला. काश्मीरपर्यंतचा अर्धा देश चढाचा, म्हणून तो रेल्वेनं चढायचा. तिथून घरंगळत निघायचं. घर बरोब्बर मधात येते, तर जेवून, धोतर बदलून पुढे. आष्टी, आलापल्ली, सिरोंचा. तिथे गोदावरी धरायची, ती समुद्रावर सोडील. समुद्राला विचारलं की कन्याकुमारी तो सांगेलच.

शाळेतल्या गुरुजींनी त्याला समजवायला भिंतीवरचा नकाशा दाखवला आणि सारंच बिघडलं. काश्मीर पार वर, खिळ्यापाशी. कन्याकुमारी खाली, लोंबकळत. मुखरू कृतकृत्य झाला.

“पाहा गुरुजी, तुमी पण तेच सांगून राह्यले.”

“अरे बाबा, तो भिंतीवर टांगलाय म्हणून वर-खाली दिसतो.”

“टांगणाऱ्यानं पाहूनच टांगला असंल ना?”

गुरुजींनी नकाशा गुंडाळून ठेवला.

त्याची बायको गिरजा हे सगळं ऐकत होती. झाडू नावाचा तिचा पाठचा भाऊ असाच एकदा आसामच्या चहामळ्यांकडे गेला होता, हसत, डोक्याला नवा रुमाल बांधून. गेला तो गेलाच. घरात मूलबाळ नव्हतं. जगात आपलं म्हणावं असं तिचं आता एकच माणूस होतं आणि ते रोज हात जमिनीकडे करून दाखवत होतं. तिनं जाऊ नका म्हटलं नाही. नको म्हटलं की मुखरू दुप्पट जाईल, हे तिला ठाऊक होतं. एका संध्याकाळी जाळ्याची भोकं विणता विणता तिनं एवढंच विचारलं, “जातानी पायडल माराच लागत नाई, हे समजलं. येतानी?”

मुखरूनं मनातल्या मनात बेत पुन्हा मोजला. बाप रे, साऱ्या बेतात येणं कुठे घातलंच नव्हतं!

“येतानी पाहू,” तो म्हणाला. गिरजानं खाली मान घालून गाठ मारली. ती गाठ इतकी घट्ट बसली, की पुढे ती मुखरूलाच कापावी लागली.

धान निघालं, थंडी पडली, तेव्हा त्यानं ठरवलं, आधी खालचा अर्धा देश पाहून घेऊ. गिरजानं पोहे आणि सुके मासे बांधून दिले. ती वेशीपर्यंत आली नाही. बोडीवर काम आहे म्हणाली.

आलापल्लीच्या जंगलात रस्ता वर-खाली व्हायला लागला, तेव्हा मुखरूनं देशाला एकदोन खड्डे माफ केले. वैनगंगेची प्राणहिता झाली. झाली तर झाली, लग्नानंतर बाईचंही नाव बदलते, पाणी तेच. पण सिरोंचाला तो गोदावरीच्या वाळूत उभा राहिला आणि पाहतो तर नदी सरळ खाली जायचं सोडून डाव्या हाताला वळलेली.

जाळं वाळवत बसलेल्या पोचम नावाच्या कोळ्याला त्यानं कन्याकुमारी विचारली. पोचमनं नदीकडे बोट करून नाही अशी मान हलवली. “कादु, कादु. हे राजमंड्रीले जाते.” मग पल्याडच्या टेकाडांकडे बोट केलं. “तुमचं कन्याकुमारी तिकडे. चढ हाये. मंग अजून नदी, तेही आडवी. साऱ्या नद्या आडव्याच हायेत, भाऊ.”

मुखरूनं एकदा नदीकडे, एकदा टेकाडांकडे पाहिलं. जन्मभर जिच्यावर विसंबला तिनंच दगा दिला होता. पुढे जावं तर चढ, मागे जावं तर चढ. उतार उरला होता तो एकच, नदीसोबत डावीकडे. ती वाट सोपी होती. बसून राहिलं तरी सायकल नेईल इतकी सोपी, आणि झाडूही अशाच एखाद्या सोप्या वाटेनं गेला असेल, असं त्याला वाटलं. त्याला गिरजाची फार आठवण आली. त्यानं सायकलचं तोंड वर फिरवलं.

आलापल्लीच्या अलीकडे एक ओळखीचा ट्रकवाला थांबला. “चढ मुखरूभाऊ, सायकल लाकडावर टाक.” मुखरूनं नाही म्हटलं. पाय सोलले होते, मांड्या भरून आल्या होत्या, तरी नाही म्हटलं. ट्रकवाला त्याला येडा म्हणून निघून गेला.

घरी पोचला तेव्हा गिरजा बोडीत गुडघाभर पाण्यात झिंगे धरत होती. तिनं पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

“कन्याकुमारी पाह्यली?”

“नाई. नदी वळली.”

“मंग येतानी?”

“चढच हाये. साऱ्या रस्त्यानं.”

“ट्रक नाई भेटला?”

“भेटला.”

“मंग काऊन नाई बसले?”

मुखरूनं सायकल बांधाला टेकवली आणि तोही पाण्यात उतरला. “तू इचारलं होतं. ट्रकात बसून आलो असतो तर तुले काय सांगतलं असतं? आता सांगतो. चढ असला तरी येता येते.”

गिरजाला रडू आलं. ते लपवायला तिच्याकडे पदरही कोरडा नव्हता, म्हणून ती तशीच त्याच्यासमोर रडली. मग नाक पुसलं, झिंग्यांची टोपली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “आता काश्मीरले जा, कुठीही जा. मी काई बोलत नाई.”