भाऊजींच्या गाडीचं स्टिअरिंग

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, जळगावात एक जुनी गोल दिव्यांची गाडी घेतली आणि त्या दिवसापासून ते स्वतःला जुन्या गाड्यांचे जाणकार समजू लागले. जाणकारी म्हणजे काय, तर रविवारी क्रोम पुसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बॉनेटवर हात ठेवू द्यायचा नाही.

गाडीचं स्टिअरिंग सैल होतं. चाक चार बोटं फिरवलं तरी गाडी आपली सरळच जायची, आणि मग एकदम वळायची. भाऊजींनी त्यावर इलाज केले. आधी टायर बदलले. मग अलाइनमेंट. शेवटी स्टिअरिंगला चामड्याचं कव्हर शिवून घेतलं! मी म्हटलं, "भाऊजी, खालून कुणी बघितलंय का?" तर म्हणाले, "जुन्या गाड्या अशाच असतात. तुला त्यातली मजा नाही कळायची."

असोद्याच्या केळीच्या बागेत मी आयुष्यभर खटारा जीप चालवली, बिघडली की स्वतः खाली शिरले. पण त्यात क्रोम नव्हतं, म्हणून ती अक्कल मोजायची नाही.

भाच्याचं लग्न धुळ्याला होतं. नवरदेव त्याच गाडीतून जाणार, हा भाऊजींचा हट्ट. मी पुढे बसले, भाचा मागे फेट्यासकट. पारोळ्याच्या अलीकडे एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ओलांडताना गाडी सरळ ट्रॉलीकडेच सरकली. भाऊजी चाक फिरवतायत आणि गाडी ऐकत नाही. मागून भाचा ओरडला, "पप्पा!" ट्रॉलीचा कडबा माझ्या खिडकीला खरवडत गेला, तेव्हा कुठे गाडी वळली.

कडेला थांबलो. ट्रॅक्टरवाला उतरून आला आणि भाऊजींच्या तोंडाचा वास घेऊ लागला. "काय व्हयनं भाऊ? पियेल शे का?"

भाऊजी म्हणाले, "वाऱ्याने ओढली." पान हलत नव्हतं.

मी बॉनेट उघडलं. "इंजिन बंद ठेवा आणि चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत बसा," म्हटलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण लेकासमोर नाही म्हणायची सोय नव्हती. मी वाकून पाहिलं. पुढची चाकं जागची हलायच्या आधी स्टिअरिंगचं वळण त्यांच्यापर्यंत पोचवणारा अख्खा स्टिअरिंग बॉक्सच चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, डुलत होता. त्याला धरणारा एक बोल्ट गायब, उरलेले हाताने फिरतील इतके सैल. म्हणजे भाऊजी इतके महिने गाडी नाही, तो बॉक्स हलवत होते.

नवरदेवाला मागून आलेल्या वऱ्हाडाच्या जीपमध्ये बसवलं. ट्रॅक्टरवाल्याने पाने दिले, त्याच्या डब्यातला एक बोल्ट नेमका बसला. मी सगळे आवळले. हात काळे, साडी काळी. भाऊजी आपला फेटा सांभाळत सावलीत उभे होते. त्यानंतर धुळ्यापर्यंत गाडी मी चालवली, सावकाश. चाक मुकाट ऐकत होतं.

मांडवात पोचलो तर भाऊजी वधूपक्षाच्या घोळक्यात शिरले. "मला पहिल्यापासून बॉक्सचाच संशय होता," ते सांगत होते. लोक माना डोलवत होते. एकाने तर त्यांना आपल्या गाडीबद्दल सल्लासुद्धा विचारला.

बहिणीने माझ्या साडीकडे पाहिलं. "हे काय गं?"

"ग्रीस," मी म्हटलं, आणि साडी बदलायला गेले.