पोट फाडूनच करा, मॅडम

“मॅडम, माझं पोट फाडूनच करा,” संगीता म्हणाली.

मी स्कॅनवरून नजर उचलली. इतकी वर्षं पेशंट मला उलटंच सांगत आलेत. दुर्बिणीतून होईल ना, टाके दिसणार नाहीत ना, हेच. आणि ही बाई चांगली शुद्धीवर असताना मोठी चीर मागत होती.

संगीता महाळुंग्याची. गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत लाईनवर काम करायची. तिच्या लिव्हरच्या उजव्या भागात कॅन्सरची गाठ निघाली होती. बाहेर पसरलेली नव्हती, हे तिचं नशीब. पण तो उजवा भाग सगळाच काढावा लागणार होता, म्हणजे अर्ध्याहून जास्त लिव्हर. उरलेलं पुन्हा वाढतं. मात्र वाढायला वेळ लागतो आणि तोवर माणूस पार गळून गेलेला असतो.

मी पिंपरीतल्या एका हॉस्पिटलमध्ये लिव्हर सर्जन आहे. छोट्या गाठी आम्ही दुर्बिणीतून पुष्कळ काढल्या होत्या, पण अख्खा उजवा भाग आमच्याकडे कुणी तसा काढला नव्हता. मी ते मुद्दाम बाहेर जाऊन शिकून आले होते. संगीताचा स्कॅन बघून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू? गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांपासून लांब, बाकीचं लिव्हर निरोगी. अशी केस मागून मिळत नाही. आणि पेशंट म्हणतेय, फाडा!

“पण का?” मी जरा चिडूनच विचारलं.

तिने दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. संगीताने आवाज खाली आणला.

“माझ्या जावेचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. घरी आली तर सगळे म्हणाले, हिला झालंय काय? दोन-चार दिवसांत चपात्या लाटायला बसवली. शेजारणीचं पोट फाडून झालं, ती महिनाभर खाटेवरून उठली नाही, कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडं चीर बघून आराम देतात, मॅडम. कंपनीत पण तेच. दुर्बिणीचं म्हटलं की सुपरवायझर म्हणतो, मग सोमवारी येताय ना?”

मला हसू आलं आणि लगेच विरलंही. बाईचा हिशेब बरोबर होता.

मी तिला दोन्ही प्रकार समजावले. ओपनमध्ये बरगड्यांखाली काठीच्या मुठीसारखी वळलेली लांब चीर. हात आत जातो, रक्त आलं तर बोटाने दाबता येतं. पण पोटाचे स्नायू कापले जातात. नंतर खोकायचं म्हटलं तरी जीव जातो, म्हणून पेशंट खोकत नाही, मग छातीत कफ साठतो. दुर्बिणीत पाच-सहा भोकं, पोट गॅसने फुगवायचं, कॅमेऱ्याने स्क्रीनवर बघत काम करायचं. दुखणं कमी, चालणं लवकर. मात्र रक्तस्राव झाला तर तिथे बोट पोचत नाही.

“आत दोन्हीत सारखंच कापतात ना?” तिने विचारलं.

“अगदी सारखंच.”

“मग ते घरी कोण सांगणार?”

“मी सांगेन,” मी म्हणाले. आणि तिला आणखी एक विचारलं. आपल्याकडे काढलेला भाग ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. बहुधा एखादा धीट मेव्हणा येतो, मान डोलावतो आणि घाईने निघून जातो. “तुझ्या सासूबाईंना दाखवला तर चालेल?”

संगीता पहिल्यांदा मोकळं हसली. “आत्याबाईंना? दाखवाच. मग दुर्बिणीतून करा.”

आता आमचे विभागप्रमुख सर. त्यांची सगळी हयात ओपन करण्यात गेलेली.

“पेशंट ओपन मागत होती. तू तिला पटवलंस?”

“सर, तिला ओपन नको होतं. तिला रजा हवी होती.”

“रजेसाठी पोट फाडून घेणार? हात्तिच्या!” मग गंभीर झाले. “कर. पण मी समोर उभा राहणार. रक्त आटोक्यात आलं नाही तर मी ‘पोट उघड’ म्हणेन. तेव्हा वाद नको.”

“नाही घालणार.”

ऑपरेशन सुरू झालं आणि मी हरखूनच गेले. स्क्रीनवर ते लिव्हर इतकं मोठं, इतकं स्वच्छ! उजवीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आधी बंद केल्या. तेवढाच भाग काळपट पडला आणि कुठून कापायचं त्याची रेघच उमटली. ती रेघ मी शेकडो वेळा पाहिली असेल, तरी दरवेळी अंगावर काटा येतो. रेघेवरून इंच-इंच आत चाललो होतो आणि अचानक स्क्रीन लाल झाला. एक शीर फाटली होती.

मी गॉजची घडी आत सरकवून शिरेवर दाबून धरली आणि सर ‘उघड’ म्हणतील म्हणून वाट बघत राहिले.

“दाबून ठेव,” सर म्हणाले. “घाई नको. पोटातल्या गॅसचा दाबही ती शीर दाबतोय, तो तुझ्याच बाजूने आहे.”

थोड्या वेळाने घडी हळूच उचलली. रक्त थांबत आलं होतं. मी टाका घातला. सर स्क्रीनजवळ गेले, चष्मा सरळ केला.

“ओपनमध्ये ही शीर मला इतकी स्पष्ट कधी दिसली नाही,” ते म्हणाले. त्या वेळी मला नाचावंसं वाटत होतं.

काढलेला भाग पिशवीत घालून बाहेर घ्यावा लागतो. भोकातून तो येत नाही. संगीताला सिझरची जुनी खूण होती, ओटीपोटावर. तिथेच चीर घेतली आणि तिथून तो काढला.

मग मी ट्रे घेऊन बाहेर आले. सासूबाई पदर सावरत उठल्या. मी वरचं कापड बाजूला केलं.

“आगं बया! ह्ये एवढं? भोकातनं?”

“भोकातून कापलं. बाहेर काढलं ते सिझरच्या जागेवरून.”

त्या ट्रेकडे बघतच राहिल्या. “म्हंजी माझा नातू जिथनं आला, तिथनं?”

“तिथूनच.”

“मग ह्ये बाळंतपनच की,” त्या ठामपणे म्हणाल्या. “बाळंतिनीला आमी सव्वा म्हैना उठू देत न्हाई.”

मी खूश होऊन आत गेले. काम फत्ते झालं असं मला वाटलं.

तपासणीला संगीता आली तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं आणि तिच्या कानाला स्कार्फ गच्च बांधलेला होता. रिपोर्ट उत्तम होता. गाठ पूर्ण निघाली होती, कापलेल्या कडांना कॅन्सर नव्हता. मी ते सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि सासूबाईंनी माझ्याच टेबलाला हात जोडले.

“चालणं सुरू आहे ना?” मी विचारलं. “दुर्बिणीचा फायदाच तो.”

संगीताने सासूबाईंकडे बघितलं.

“चालाया कुटं लावता तिला?” सासूबाई म्हणाल्या. “शेक, डिंकाचं लाडू, समदं येळेवर चाललंय. कंपनीचा साहेब आला व्हता, कदी येनार म्हनत. त्याला सांगितलं, एवढं काढलंय!” त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. तेवढं लिव्हर म्हशीचंही नसतं.

त्या औषधं आणायला बाहेर गेल्या आणि संगीता पुढे झुकली.

“मॅडम, पाया पडते. आत्याबाईंना सांगा, मला जरा अंगणात तरी जाऊ द्या.”

मी सासूबाईंना परत बोलावलं आणि सकाळ-संध्याकाळ चालायचं बजावलं. तेव्हापासून ट्रे दाखवताना पेशंटने किती चालायचं तेही मी तिथेच सांगून टाकते.