मेलबर्नहून परळीला

दर रविवारी सकाळी दादाचा व्हिडिओ कॉल यायचा. तो मेलबर्नला, मी परळीत. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून मी भाकरी थापायची आणि आम्ही बोलत बसायचो. नवरा मला मारतो, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. सिरसाळ्याला अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सगळं माहीत होतं.

त्या रविवारी नवरा पाइपच्या दुकानातून मधेच घरी आला. जेवण व्हायचं होतं. "लई गप्पा चालल्यात," म्हणाला आणि त्यानं मागून केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. मी पडले तशी पोटात लाथ बसली.

"सोड तिला! हात लावू नको!" दादा फोनमधून ओरडत होता.

नवऱ्यानं फोन उचलून माझ्याकडं वळवला. "बघ नीट. ये की बे सोडवायला. किती लांब हाय तुझं गाव?"

मग फोन आपटून त्यानं माझा उजवा हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मी डाव्या हातानं उकळत्या वरणाचं पातेलं त्याच्या अंगावर लोटलं. तो किंचाळत मोरीकडं पळाला आणि मी बाहेर.

शेजारच्या काकूंनी मला आत ओढून कडी लावली. त्यांच्या फोनवरून अण्णांना सांगितलं. सिरसाळा इथून अर्ध्या तासाचा रस्ता.

"आज माझ्या दुकानात माल उतरायलाय," अण्णा म्हणाले. "तू बी जरा गप राहायचंस. बघतो दोन दिवसांनी."

दादाचा नंबर पाठ होता. लावला, तर तो बॅगच भरत होता. "आधी सिंगापूर, मग हैदराबाद, पुढं गाडी. नऊ हजार किलोमीटरच्या वर हाय गं. नुसतं विमानातच बारा-तेरा तास. मी पोचेपर्यंत त्या घरात जाऊ नको."

काकूंनी दवाखान्यात नेऊन हाताला प्लॅस्टर घालून आणलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या धापा टाकत आल्या. "तुझा भाऊ आलाय. दुकानासमोर मारायलाय तुझ्या नवऱ्याला."

दादानं नवऱ्याला रस्त्यावर लोळवलं होतं. हातात दुकानातलाच लोखंडी पाइप. नवऱ्याचं तोंड रक्तानं भरलेलं, तो हात जोडत होता. माणसं गोळा झालेली, पण मधे कुणी पडत नव्हतं. मीही थोडा वेळ नुसती बघत उभी राहिले. मला बरं वाटत होतं. मग दादानं पाइप डोक्यावर उगारला, तशी मी ओरडले, "दादा, डोक्यात न्हाई!"

पाइप खांद्यावर बसला. नवऱ्याचा हात लोंबकळला.

पोलिसांनी दोघांनाही नेलं. मीही मागोमाग ठाण्यात जाऊन नवऱ्याविरुद्ध अर्ज दिला. अण्णा ठाण्यातच आले, तेही जावयासाठी.

"घरातलं घरात मिटवू," मला म्हणाले. "चल, अर्ज मागं घे."

"त्यानं हात मोडला तवा कुठं होतात तुमी?"

मी जबाब द्यायला बसले. उजवा हात गळ्यात होता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा दिला.

दादावरही केस झाली. जामिनावर सुटला, पण कोर्टाची परवानगी मिळून परत जायला फार दिवस लागले, तोवर तिकडची नोकरी गेली. माझा घटस्फोट अजून कोर्टात आहे. मी काकूंच्या माडीवर भाड्यानं राहते.