कापू नका

आमच्या नणंदबाई कमी बोलतात, असं सगळी गल्ली म्हणायची. खरी गोष्ट एवढीच होती की त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की ताई आधी टाचण्या ओठांत धरणार, मग मापाची पट्टी गळ्यात अडकवणार आणि खाली वाकून कामाला लागणार. गिऱ्हाईक बोलत राहायचं, ताई मान हलवत राहायच्या. त्यामुळे त्यांचं नावच टाचणीताई पडलं होतं. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणून माझ्यासाठी नुसत्याच ताई.

घराची पुढची खोली म्हणजे आमचं दुकान. दोन शिलाई मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, एक उभा आरसा आणि उरलेल्या चिंध्यांच्या टोपल्या. ताईंकडे कात्री आणि माझ्याकडे जीभ, अशी आमची कामाची वाटणी. इस्त्री आणि काजं-बटणंही माझीच, पण मुख्य काम बोलण्याचं.

आम्ही नवीन कपडे शिवत नाही, जुन्याचं नवं करतो. पूर्वी लोक हे काम चोरून आणायचे. पिशवीतून शर्ट हळूच काढायचे आणि कॉलर उलटवून द्याल का म्हणून कुजबुजायचे. आम्ही त्याला काटकसर म्हणायचो, शेजारीपाजारी चिकटपणा म्हणायचे. आता त्यालाच शाश्वत जीवनशैली म्हणतात आणि आमच्या दाराशी उभं राहून फोटो काढतात. पडद्यांची जाकिटं काय, फाटक्या तंबूच्या पिशव्या काय, मोडक्या छत्र्यांच्या कापडाचे पळायला जायचे कोट काय! ताईंना त्याचं कौतुकही नव्हतं आणि रागही नव्हता. कापड चांगलं आहे ना, मग झालं, एवढंच त्यांचं म्हणणं.

घरात शाश्वत होण्याचं वेड फक्त आमच्या ह्यांना लागलं होतं. नोकरीतून निवृत्त झाले आणि महिन्याभरात मनगटावर घड्याळ आलं. ते घड्याळ वेळ सोडून बाकी सगळं सांगतं. मग झोप मोजणारी अंगठी आली. मग प्लॅस्टिकच्या जुन्या बाटल्या वितळवून केलेले बूट आले. घड्याळ दर तासाला थरथरतं आणि हे उठून घरभर चकरा मारतात. भांडणाच्या मध्यावर उठून गेलेत. तीस वर्षं मी उठा म्हणत होते तेव्हा हललेसुद्धा नाहीत, ते असो.

तर अशात ती उंच मुलगी आली.

तिने वर्षभर नवीन कपडा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. तिने कागदात गुंडाळलेला तपकिरी लोकरी कोट उघडला. वडिलांचा होता. वडील आदल्या वर्षी गेले होते. कोट खांद्यात बसत होता, पण बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या. मी पलीकडे इस्त्री तापवत होते, पण तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. "बाह्या कापू नका. बाबा त्या दुमडून घालायचे, मलाही तशाच दुमडून हव्यात. बाकी कंबरेत जरा आत घ्या. बाह्या मात्र कापू नका." ताई वाकून खालची कड बघत होत्या. त्यांनी मान हलवली. मुलगी खुशीत गेली.

ती परत आली तेव्हा कोट हँगरवर होता आणि बाह्या बरोबर मनगटापर्यंत होत्या. सुबक, सरळ, नवीन अस्तर लावलेल्या. मीसुद्धा तेव्हाच नीट पाहिलं.

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी कापू नका म्हटलं होतं."

"असं म्हणालीस तू?" ताईंनी टाचण्या हातात काढून विचारलं.

"दोनदा म्हणाले."

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली, कारण मी ते ऐकलं होतं. मुलगी म्हणाली, "राहू दे आता," आणि कोट तिथेच सोडून निघून गेली.

त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर मशिनवर आवरण घातलेलं आणि कात्री कापडात गुंडाळून वर ठेवलेली. म्हणाल्या, "आता ही खाली काढायची नाही."

"एका कोटावरून?"

"कोट नाही गं." त्यांनी पेला बाजूला सरकवला. "आईचं असंच सुरू झालं होतं. आधी सांगितलेलं आठवायचं नाही. मग आपण काहीतरी विचारायचं आणि तिने भलतंच उत्तर द्यायचं. शेवटी मला विचारायची, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? ती मुलगी दोनदा म्हणाली म्हणते. मला एकदाही आठवत नाही."

सासूबाईंचं सगळं आजारपण ताईंनी एकटीने काढलं होतं. मी नवी नवरी होते, मी लांबून पाहिलं होतं. आणि खोटं कशाला सांगू, गेले काही महिने मलाही खटकत होतं. चार वाजता बाई येणार म्हणून सांगावं तर चार वाजता ताई अंघोळीला. दोऱ्याचं रीळ मागावं तर पीळ कशाला हवा म्हणून विचारायच्या. मागून हाक मारली तर ओ नाही. सुरुवातीला वाटायचं, नणंद आहे, भावजयीला किंमत देत नसेल. मग एक दिवस सासूबाई आठवल्या आणि तेव्हापासून मी तो विषयच मनात येऊ देत नव्हते.

डॉक्टरकडे जाऊ या, म्हटलं. तर म्हणाल्या, "कळून काय करायचं? आईला कळलं तेव्हा ती रडत बसली, पुढे तेही विसरली." पुढे बोलायची सोय ठेवली नाही.

दुकान बंद राहिलं. मी गिऱ्हाइकांना ताईंना ताप आहे म्हणून सांगत होते. ह्यांना मी सगळं सांगितलं. घरभर चकरा मारणारा माणूस पहिल्यांदाच एका जागी बसला. घड्याळ थरथरलं तरी उठले नाहीत. पण ह्यांचा स्वभाव असा की काळजी वाटली की यंत्र काढायचं. ताईंच्या मनगटाला घड्याळ बांधू, बोटात अंगठी घालू, झोप बघू, नाडी बघू, असं सुरू झालं. ताई हात पाठीमागे लपवायच्या. "मला कसलीही परीक्षा द्यायची नाही," म्हणायच्या. त्यांना वाटत होतं, ह्यांच्या त्या फोनमध्ये सगळं उमटेल आणि मग ते खरं होईल.

असंच एका दुपारी जेवणानंतर हे कानातली ती नवी बोंडं घेऊन बसले होते. चालताना गाणी ऐकायला घेतली होती, पण ती कानही तपासतात असा शोध त्यांना लागला होता. बारीक बारीक सूर वाजतात, ऐकू आला की फोनवर बोट टेकवायचं. ह्यांनी स्वतःची तपासणी केली, पास झाले आणि ते घरभर सांगून झालं. मग मला बसवलं. मीही पास. मग ताईंकडे वळले.

"ताई, ये ना. गंमत आहे."

"सांगितलं ना तुला."

"अगं, ही कानांची आहे. डोक्याची नाही."

ताई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "कानांचं काय, कान माझे चांगले आहेत. घाल." एका तरी परीक्षेत पास होऊ, असं त्यांना वाटलं असावं. त्या खिडकीजवळ खुर्चीत ताठ बसल्या, बोट फोनच्या वर तयार धरून. ह्यांनी बोंडं नीट बसवली आणि बटण दाबलं. आम्ही दोघं गप्प बसलो.

ताई वाट बघत होत्या. मध्ये त्यांनी एक-दोनदा बोट टेकवलं, ते जाड सूर असणार. मग पुन्हा नुसतंच बसणं. बाहेरून एक सायकल गेली. ताईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, भुवई उडवली, परत फोनकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"अरे, लाव की," ताई म्हणाल्या. "कधी सुरू करतोस?"

"ताई," हे म्हणाले, "संपलं."

ह्यांना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी बोंडं स्वतःच्या कानात घालून पाहिली, सूर ठणठणीत वाजत होते. आणि माझ्या डोक्यात एकदम काहीतरी लखलखलं. मी ताईंच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "कापू नका." मग थोडं थांबून म्हटलं, "कापून टाका."

ताई मागे वळल्या. "दोनदा तेच काय सांगतेस? कापून टाका, कापून टाका. काय कापू?"

मी तिथेच जमिनीवर बसले. हसत होते का रडत होते, मला कळेना. हे पाणी आणायला धावले. ताई घाबरून विचारत होत्या, काय झालं, कुणी काही सांगाल का. मी त्यांच्यासमोर तोंड धरून, ओठ हलताना दिसतील असं एकेक अक्षर सांगितलं. "ती मुलगी कापू नका म्हणाली. तुम्हाला कापून टाका ऐकू आलं. तुम्ही विसरला नाहीत. तुमच्यापर्यंत ते आलंच नाही."

इतके दिवस कुणाला कसं कळलं नाही, याचा मी नंतर विचार केला. समोरासमोर बसलं की ताई आमचे ओठ बघून समजून घ्यायच्या, स्वतःच्याही नकळत. माप घेताना मात्र त्या खाली वाकलेल्या आणि तोंडात टाचण्या, म्हणजे उलट विचारायचीही सोय नाही. मान हलवून मोकळ्या. इतकी वर्षं मान बरोबर हलली, हेच नवल.

दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी ताईंना एका बंद खोलीत बसवून सगळं रीतसर तपासलं. बारीक, उंच आवाज दोन्ही कानांतून बरेच गेले होते. वयाने जातात, म्हणाले, आणि यावर उपाय आहे. मी उठायला लागले तर ताई हलेनात. त्यांनी आईचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "मला ते नाही ना?"

डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं नाही, हे मला फार बरं वाटलं. त्यांनी त्याच इमारतीतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे एक बाई होत्या. त्यांनी ताईंना शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, उलटे आकडे म्हणायला सांगितले. सगळं अगदी तोंडासमोर बसून, मोठ्याने. मी बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसले होते. ताई बाहेर आल्या तेव्हा डॉक्टरबाई दारापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, "पुढचं कुणालाच लिहून देता येत नाही. पण आज तरी तसं काही नाही. कान तेवढे करून घ्या."

माझा जीव भांड्यात पडला. ताई मात्र बाकावर बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. भरपूर रडल्या. मी पाठीवर हात ठेवून बसले. जराशाने म्हणाल्या, "रोज सकाळी उठले की अंथरुणातच तुम्हा सगळ्यांची नावं मनात म्हणून बघत होते. तुझं आधी म्हणायची. म्हटलं, हिचं आठवलं की आजचा दिवस निभावला."

तीस वर्षांत या बाईने मला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. मी रुमाल काढला आणि आधी स्वतःचेच डोळे पुसले.

मग मात्र त्यांनी ताळतंत्र सोडलं. लिफ्टमधल्या माणसाला सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं, घरी आणून सोडणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर मागून टकटक करून सांगितलं, "मी बहिरी आहे बरं का." तो बिचारा ओरडून ओरडून पत्ता विचारत राहिला. गल्लीत ज्याला त्याला तेच. एखाद्याने पहिला नंबर काढावा तशा सांगत सुटल्या.

कानातली यंत्रं आली ती इतकी छोटी आणि चकचकीत की गिऱ्हाइकांमधली तरुण पोरं विचारायला लागली, कुठल्या कंपनीची घेतली. हल्ली रस्त्यावर निम्म्या लोकांच्या कानात काहीतरी असतंच, त्यात ताईंचं कुणाच्या लक्षातही येईना. हे तर पार हिरमुसले, कारण त्यांच्या बोंडांपेक्षा ती भारी होती.

कात्री खाली निघाली. ताईंनी पहिल्यांदा तो तपकिरी कोट घेतला. कापलेले बाह्यांचे तुकडे टोपलीतच होते, आमच्याकडे काही फेकलं जात नाही. त्यांनी ते परत जोडले आणि बाही अशी दुमडली की जोड घडीच्या आत गेला. मग मला म्हणाल्या, "तिला बोलाव. बोलणार मी आहे, तू मधे तोंड घालायचं नाही."

उंच मुलगी आली ती दारातच उभी राहिली. आत यायचं की नाही हे ठरत नव्हतं तिचं. ताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, त्या दिवशी तू सांगितलंस ते मी विसरले नव्हते. मला ऐकूच आलं नव्हतं. मी बहिरी आहे. डॉक्टरांनी सांगितलं. नुसती बहिरी आहे, बाकी काही नाही."

चेहरा असा फुललेला, डोळे भरलेले. मुलीला कळेना की या बाईंचं सांत्वन करायचं का काय करायचं. ती गडबडली आणि हळूच, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "अभिनंदन."

ताईंनी ते बरोबर ऐकलं. म्हणाल्या, "थँक्यू, बाळ."